गाढवाचं मुंडकं

अगं, काल फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, ‘मला काही फरक पडत नाही’ असं तू तीनदा म्हणालीस. पहिल्यांदा पटकन, दुसऱ्यांदा हसून आणि तिसऱ्यांदा आवाज बारीक करून. ज्याला खरंच फरक पडत नाही तो एकदा सांगतो आणि भाजीला काय केलंस ते विचारतो. तू पाऊण तास तिथेच होतीस. इकडे माझं दूध उतू गेलं.

म्हणून लिहायला बसलेय. फोनवर तू मला मधे बोलू देत नाहीस, आणि समोर आलीस की तुला वाढण्यातच माझा वेळ जातो. साडेनऊ वाजलेत. सातपूरची थंडी आता खिडकीच्या फटीतून आत येतेय, दुसरी पाळी सुटायला अजून वेळ आहे, तुझे भाऊजी त्या पाळीला आहेत. निवांत आहे मी.

आधी तुझ्या बाजूचं. तू नऊ वर्षं रविवारच्या शाळेचं नाताळचं नाटक बसवलंस. ऑफिस सुटलं की शेअर रिक्षाने थेट चर्चमध्ये, तिथे वीस-बावीस पोरं, त्यांतली निम्मी रडणारी आणि उरलेली एकमेकांना काठ्यांनी मारणारी. देवदूताला ताप आला म्हणून ऐनवेळी पंख दुसऱ्या पोरीला बांधलेस. हेरोद राजाने स्टेजवर शी लागली म्हणून सांगितलं तेव्हा मागून तूच त्याचे संवाद म्हटलेस. हे सगळं मी बघितलंय. यंदा कमिटीने ते काम त्या श्रीरामपूरकडून लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला दिलं, आणि तुला कळलं ते छापील पत्रकातून. हे चुकलं त्यांचं. नऊ वर्षांचं काम दुसऱ्याच्या हाती देताना एका माणसाला घरी येऊन, चहा घेऊन, दोन शब्द बोलता आले असते. हे मी कमिटीत जाऊन सांगणार आहे. तू नको म्हणालीस तरी सांगणार.

आता मला एक सांग. गाढवाचं मुंडकं कुठे आहे?

तुझ्याच घरी आहे. माळ्यावर, निळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, बाबांच्या जुन्या रजईत गुंडाळून ठेवलेलं. कागदाच्या लगद्यात मेथ्या वाटून घालून आपण दोघींनी केलं होतं ते, एक कान तेव्हापासूनच वाकडा. त्याच ट्रंकेत मागी लोकांचे तीन मुकुट, मेंढपाळांची कांबळी आणि हेरोदाची दाढी आहे. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर ती पोरगी माझ्याजवळ आली. ‘सलाम ताई’ म्हणाली आणि विचारलं, नाटकाचं सामान कुठे असतं हो, ऑफिसच्या कपाटात तर काही नाही. मी म्हटलं, बघते. तुझं नाव मी घेतलं नाही. काल तुझ्याशी बोलताना मी तीन वेळा ट्रंकेवर येऊ पाहत होते आणि तू तीनही वेळा विषय पत्रकाकडे नेलास.

रागावू नकोस. राग येणं वेगळं आणि ट्रंकेवर बसून राहणं वेगळं, एवढंच म्हणतेय मी.

आपल्या मराठीत याला किती शब्द आहेत बघ. गर्व, ताठा, तोरा, मिजास, शेखी, घमेंड. एवढे शब्द एखाद्या भाषेत असतात तेव्हा ती गोष्ट त्या लोकांनी नीट जवळून बघितलेली असते! पण हे सगळे शब्द दिसणाऱ्या गर्वाचे. मान वर, छाती पुढे, गाडीची किल्ली बोटावर फिरवत येणारा. तो गर्व डिसेंबरमध्ये आपल्याकडे फारसा येत नाही. आला तरी पोरंच त्याला हसतात. आपल्याकडे येतो तो पदर खोचून येतो. पहाटे उठून सतरंज्या घालतो, गव्हाणीसाठी पेंढा आणतो, दोनशे माणसांचं मटण शिजवतो. त्याच्याकडे बघून ‘केवढी सेवा करते ही’ असंच म्हणेल कुणीही. आणि तो फक्त एवढंच बघत असतो की हे कुणी म्हटलं का.

येशूच्या दाखल्यातला परूशी आठव. आपल्याला वाटतं तो बढाई मारत होता. नीट वाच, तो देवाचे आभार मानत होता! लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. उपास करतो, दशांश देतो, सगळं खरं होतं त्याचं, एक आकडा खोटा नव्हता. फक्त प्रार्थना करताना त्याची नजर तिरकी होऊन मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे गेली. सी. एस. लुईसने त्याच्या ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ या पुस्तकात गर्वावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्याचं म्हणणं असं की गर्व मुळात तुलनेवर जगतो. माणसाला आपल्याकडे काही असण्याचा आनंद नसतो, शेजाऱ्यापेक्षा जास्त असण्याचा असतो. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या कॉलनीतल्या चांदण्या आठवल्या. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद, आत एक बल्ब, एवढीच चांदणी असायची आपल्या लहानपणी. मग एका घराने गच्चीवर पाइप लावून ती वर चढवली. पुढच्या नाताळात समोरच्यांनी दोन पाइप जोडले. तिसऱ्या वर्षी वायरमन येऊन ओरडून गेला. बेथलेहेमचा तारा वाट दाखवायला होता, आमचा तारा समोरच्याला खाली बघायला लावायला.

तुला वाटेल, ताई उपदेश करतेय. तर आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तुझ्या भाऊजींनाही अर्धंच ठाऊक आहे.

मंडळीच्या नाताळच्या करंज्या गेली कित्येक वर्षं माझ्याकडे होतात. तीनशेच्या वर. सगळ्या बायका जेवणं आटोपून येतात, आम्ही हॉलमध्ये चटया घालतो, कुणी लाट्या करतं, कुणी लाटतं, कुणी सारण भरतं. मुरड घालायचं काम माझं. हे कुणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. कातण्याने कापलेली करंजी मला करंजी वाटतच नाही. आईने शिकवलेली मुरड, बोटाच्या पेरावर पेर, दोरीसारखी.

चार वर्षांपूर्वी श्रमिकनगरकडून एक बाई यायला लागली. नवरा कंपनीत कंत्राटावर, ती स्वतः एका कारखान्यात पॅकिंगला. मंडळीत नवीनच. ती आली, बसली आणि कुणी काही सांगायच्या आत मुरड घालायला लागली. जाड, ठसठशीत, जरा वेडीवाकडी मुरड. मी काही बोलले नाही. गोड हसले. तिच्या करंज्या ओल्या फडक्याखाली ताटात जमत होत्या. मी तळणीकडे जाताना ते ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याशी उभी राहून तिची एकेक करंजी घेऊन कड मोकळी केली आणि माझी मुरड घातली. किती? अकरा. मोजल्या होत्या मी. बाराव्या करंजीला वळून पाहिलं तर ती दारात उभी होती, हातात रिकामा तांब्या घेऊन. पाणी प्यायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, माठातलं पाणी घेतलं आणि गेली.

पुढच्या नाताळाला ती आली नाही. करंज्यांना नाही, आणि उपासनेलाही क्वचितच दिसायची.

काय सांगू तुला, ते वर्षभर मी कसं काढलं. माझ्यामुळे एक बाई मंडळीतून तुटली. एका गरीब बाईचा मी अपमान केला. प्रार्थनेला डोळे मिटले की तांब्या दिसायचा. आगमन काळातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी फिलिप्पैकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय घेतला. पौल तुरुंगात बसून लिहितोय की येशू देवाच्या बरोबरीचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही, स्वतःला रिकामं करून दासाचं रूप घेतलं. मी तिथे बाकावर बसून रडले. शेजारच्या मावशींनी रुमाल दिला. शेवटी मी ठरवलं, माफी मागायची. प्लम केकचा डबा घेतला, रिक्षा केली आणि पत्ता विचारत विचारत तिच्या खोलीवर गेले.

ती भांडी घासत होती. हात पुसत उठली, मला खाटेवर बसवलं. मी सुरुवात केली. मी चुकले, माझ्या मनात गर्व होता, तुमचा अपमान झाला, तुम्ही आमच्यापासून दुरावलात. सगळं पाठ करून आले होते मी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अहो ताई, त्या साली मला रात्रपाळी लागली होती. दिवसा झोपायची, म्हणून नाही आले.’

मी गप्प.

मग तिला आठवलं. ‘मुरड होय? हां, ते बघितलं होतं मी. माझी सासू पण तसंच करायची. फक्त तुमची मुरड बारीक पडते ना, ती तेलात सुटते. त्या दिवशी सांगणार होते, पण म्हटलं, तुम्ही मोठ्या आहात.’

आणि चहा ठेवला. घरात दोन कप होते, एकाचा कान तुटलेला. चांगला मला दिला.

परत येताना मी रिक्षा केली नाही. एमआयडीसीतून पायी आले. वाटेवर कुठल्याशा कारखान्याच्या फाटकातून माणसं सुटत होती, डबे वाजत होते, सायकली, मोटारसायकली, आणि मला एकटीलाच हसू येत होतं आणि रडूही. एक वर्ष! वर्षभर मी ज्या पापाचं ओझं घेऊन फिरले त्यात ती बाई कुठे होतीच कुठे? तिची रात्रपाळी मला माहीत नव्हती. तिला दोन मुलं आहेत हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी रडलेच नव्हते. मी ‘एका बाईचं मन मोडणारी मी’ हिच्यासाठी रडले होते. माझ्या चुकीतसुद्धा मीच मोठी. लग्नात नवरदेव मी, मर्तिकात प्रेत मी, तसं झालं ते. आणि वर माझी मुरड तेलात सुटते! बारा-पंधरा वर्षं मंडळी फुटक्या करंज्या खात होती आणि कुणी बोललं नाही, कारण मी मोठी.

म्हणून काल तू म्हणालीस ना, ‘मी आता कशातच भाग घेणार नाही, मी काय, साधी बाई, मागच्या बाकावर बसेन,’ तेव्हा माझे कान टवकारले. मागचा बाक मला ठाऊक आहे. तिथे बसून मान खाली घातली तरी डोळे पुढेच असतात, कुणी मागे वळून ‘अगं, तू इथे का’ म्हणतंय का ते बघत.

तुला लक्ष्मीबाई टिळक आवडतात. त्यांचा जन्म १८६८ चा, गोदाकाठच्या जलालपूरचा, म्हणजे आपल्या सातपूरपासून पलीकडच्या तीरावर, हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. त्या घरात वाढलेली मुलगी. नवरा, रेव्हरंड टिळक, १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला आणि हिच्या पायाखालची जमीन गेली. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी स्वयंपाकपाणी आपलं वेगळं ठेवलं होतं. कुणी वादात हरवलं म्हणून नाही, तर स्वतःशी विचार करत करत त्यांनी ते सोवळं एकेक पदर सोडावा तसं सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पण मला त्यांची नम्रता तिथे दिसत नाही. ती दिसते ‘स्मृतिचित्रे’ मध्ये. पुस्तकभर त्या स्वतःची फजिती सांगतात. आपला भाबडेपणा, आपलं भांडण, आपला हट्ट, सगळं. स्वतःला कुठे चांगलं ठरवत नाहीत आणि, हे महत्त्वाचं, कुठे वाईटही ठरवत नाहीत. ‘मी पापिणी’ म्हणून ऊर बडवत नाहीत. हसतात आणि पुढचं सांगतात. पश्चात्ताप करायचा तर असा. माझ्यासारखा वर्षभर कुरवाळत बसायचा नाही.

आणि दुसरं. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचं चरित्रकाव्य लिहायला घेतलं, थोडेच अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, दुसऱ्याने मांडलेला पाट, दुसऱ्याची सुरुवात, त्यावर स्वतःचं वाढून ताट पुरं केलं. पुस्तक छापलेलं बघायला त्या १९३८ मध्ये नव्हत्याच. तू म्हणशील, मग मी पण माझं ताट त्या पोरीला देऊ? हो, तेच म्हणतेय. पण थांब, इतकं सोपं नाही ते, मलाच त्यात एक खटकतं.

शरणपूरचं तुला सांगते. शरणपूर रोडने आपण दर आठवड्याला जातो, नावाचा विचार करत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी नाशिकच्या बाहेर वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही तिथे आणली जायची, शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. त्यातली काही तरुण मुलं पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला तिकडे पाठवली गेली. १८७३ च्या मेमध्ये लिव्हिंग्स्टन आतल्या मुलखात वारला. त्याच्या माणसांनी प्रेत तिथेच सोडून घरची वाट धरली असती तरी कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत बांधला आणि हजार मैलांच्या वर चालत किनाऱ्याला आणला. नऊ महिने लागले. झाडावर त्याचं नाव कोरलं ते नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा तो तिथे होता. पण लिव्हिंग्स्टनबरोबर वर्षानुवर्षं राबलेले सुसी आणि चुमा यांना वेळेत कुणी नेलंच नाही. ते पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि त्या थडग्यावरच्या दगडावर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलं. हात. नावं नाहीत.

मी लहान असताना रविवारच्या शाळेत ही गोष्ट नम्रतेची म्हणून सांगायचे. बघा मुलांनो, नाव नको, काम करा. आज मला ती तशी सांगवत नाही. त्या माणसांनी नाव नको म्हटलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नाही. नम्रता ज्याची त्याने स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. दुसऱ्याच्या अंगावर घातली की ती नम्रता राहत नाही, दाबणं होतं. सुनेला सांगायचं नम्र राहा, झाडूवालीला सांगायचं नम्र राहा, आणि आपण खुर्ची सोडायची नाही. आपल्या मंडळ्यांत हे कमी झालंय म्हणतेस? लग्न जुळवताना बघ. एका प्रभूभोजनाच्या पंक्तीला गुडघे टेकणारे लोक, स्थळ आलं की मूळ गाव कुठलं, आडनाव काय, आजोबा बाप्तिस्म्याच्या आधी कोण होते, इथपर्यंत जातात. मरीयेचं गाणं आपण दर नाताळाला वाचतो. ते गोड अंगाईगीत नाहीये गं. त्यात देव गादीवरच्यांना खाली ओढतो आणि खालच्यांना वर घेतो. खेड्यातली, लग्न व्हायचं राहिलेली, पोटुशी पोरगी हे म्हणतेय. ती नम्र होती, पण दबलेली नव्हती.

म्हणून पत्रकात तुझं नाव यायला हवं होतं, असं मी म्हणते. आणि ते मी भांडून मिळवेन, पुढच्या वेळी. ते माझं काम. तुझं नाही. माझ्या नावासाठी मी भांडले की तो गर्व होतो आणि तुझ्यासाठी भांडले तर तो न्याय होतो, असा काहीतरी चमत्कारिक हिशेब आहे हा, मला नीट उलगडत नाही, पण अनुभव तसाच आहे.

गाढवावरून आठवलं. शुभवर्तमानात जन्माच्या वेळी गाढव कुठेच नाही, माहीत आहे ना? लूकमध्ये गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत. मत्तयमध्ये तारा आणि मागी लोक. गाढव नाही, बैलही नाही. ते मागून लोकांनी आणून उभे केले, यशयाच्या पहिल्या अध्यायातून: बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाणी कळते, माणसाला मात्र कळत नाही, अशा अर्थाचं तिथे आहे. इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळाला खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडली, आणि गाढवाची जागा आणखी पक्की झाली. हाच फ्रान्सिस स्वतःच्या शरीराला ‘भाऊ गाढव’ म्हणायचा. शिवी म्हणून नाही. राबतं, अडतं, कधी लाथ मारतं, पण आपलंच भावंड आहे म्हणून. मला हे फार आवडतं. स्वतःकडे असं बघता आलं पाहिजे, जरा वैतागून, जरा मायेने.

तुझ्या नऊ वर्षांपैकी मला सगळ्यात काय आठवतं सांगू? नाटक नाही. ते साल, ज्या वर्षी लाइट गेली. पोरं अंधारात रडायला लागली आणि तू विंगेतून ते मुंडकं डोक्यावर घालून स्टेजवर आलीस, गाढवासारखी ओरडलीस, अख्खं चर्च हसलं, आणि मग मेणबत्त्या लागल्या. मुंडक्याच्या आत तू आहेस हे अर्ध्या लोकांना शेवटपर्यंत कळलंच नव्हतं. घरी आल्यावर तू इतकी खूश होतीस, रात्री दोन वाजेपर्यंत बडबडत होतीस, शेवयांची खीर पातेल्यातूनच खाल्लीस. त्या वर्षी पत्रकात कुणाचं नाव होतं, तुला आठवतंय? मला तरी नाही.

ती नवी पोरगी चुकणार आहे बघ. पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटतं तसं तिला वाटेल की लहान मुलांना संवाद पाठ असतात. मेंढपाळांना ती खऱ्या काठ्या देईल. देवदूतांना पांढरे स्वेटर घालायला लावायची विसरेल आणि डिसेंबरात रात्री आठ वाजता ती पोरं कुडकुडतील. हे सगळं तुला ठाऊक आहे आणि तिला नाही. तू गप्प बसलीस आणि तिचं नाटक पडलं तर कमिटीतले दोघं-तिघं तुझ्याकडे येऊन म्हणतील, तुझ्या वेळी असं नव्हतं हो. आणि तुला बरं वाटेल. मला माहीत आहे, कारण मला वाटलं असतं. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटते, बाकी कशाची नाही.

मी काही तुला मोठं मन कर वगैरे सांगत नाही. मन मोठं कर म्हटलं की ते आणखीनच आखडतं, माझं तरी. ट्रंक उघड, एवढंच. राग आत असू दे, हात तेवढे चालव. स्वेटरचं तिला सांग, काठ्यांना वरून कापड गुंडाळायचं सांग. आणि ती तुझ्यापेक्षा काही वेगळं करत असेल तर ओट्यापाशी उभी राहून तिची मुरड बदलू नकोस.

तालीम शुक्रवारी संध्याकाळी सहाला आहे. पोरांना बिस्किटं मी आणतेय.

शनिवारी रात्री करंज्या आहेत. श्रमिकनगरच्या त्या बाईंना या वर्षी दिवसपाळी आहे, मी विचारलं. मुरडीला त्या बसणार आहेत. मी सारण भरेन. खोबरं किसायला माणूस कमी आहे, तू लवकर ये. आणि शुक्रवारी येताना गाढव घेऊन ये. बसमध्ये आणू नकोस, एक कान आधीच वाकडा आहे. रिक्षा कर, मांडीवर घे, पैसे मी देते.